या चित्रातल्या बाळाला काय झालं असेल?

  आज आपण बोलणार आहोत लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांबद्दल. ज्यांच्या घरात वर्ष-दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आहे, त्या आया, आज्या, आत्या, काकू, मावश्या यांच्यासाठी हे बोलणं आहे.

पुस्तक म्हटलं की काही जणी म्हणतील, "बाई, आम्हाला कुठं वाचता येतंय?" त्यांनी तर आज रेडिओ मुळीच बंद करू नका. चित्रांच्या पुस्तकात शब्द थोडे असतात. काही पुस्तकांत तर एकही शब्द नसतो. चित्र वाचायला शाळेचा दाखला लागत नाही. नातवाला मांडीवर घेऊन चित्रातली म्हैस, विहीर, भांडण, रुसवा बघायला आजीइतकं हुशार माणूस दुसरं कुठलं?

मुलाला अक्षरं लवकर यावीत म्हणून पुस्तक आणा, असं मी आज सांगणार नाही. अक्षरं येतील तेव्हा येतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे. दुसऱ्याला लागलं, दुसरा घाबरला, दुसरा एकटा पडला, तर आपल्या आतही काही हलतं. त्याला आपण कळवळा म्हणतो, माया म्हणतो. ही माया मुलात रुजायला चित्रांचं पुस्तक मोठी मदत करतं. मात्र ते पुस्तक आपण मुलाला कसं दाखवतो, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आधी मुलांचं बघू. मूल मायाळू जन्मतं की आपण त्याला तसं घडवतो? थोडं हेही आणि थोडं तेही. दोन तान्ही बाळं शेजारी निजलेली असली आणि एक रडायला लागलं, की दुसरंही सूर लावतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. दीड वर्षाचं लेकरू रडणाऱ्या भावंडाजवळ जातं, आपल्या हातातलं बिस्किट पुढं करतं. आईचं डोकं दुखत असलं तर दोन वर्षांचं पोर आपलं मळकं फडकं आणून तिच्या हातात देतं, कारण त्याला स्वतःला त्याच फडक्यानं बरं वाटतं. आईला वेगळं काही हवं असेल, हे त्याला अजून कळत नाही. चार वर्षांच्या आसपास ते हळूहळू कळायला लागतं, की माझ्या मनात आहे तेच दुसऱ्याच्या मनात असेल असं नाही. म्हणजे बी आधीपासून आहे. पाणी आपल्याला घालायचंय.

यात चित्राचं काय काम? खरोखरीच्या भांडणात मूल स्वतः चिडलेलं असतं. आपणही हातातलं काम टाकून धावतो, एकाला ओढतो, दुसऱ्याला रागावतो. त्या गडबडीत रडणाऱ्याचा चेहरा बघायला सवड कुणाला असते? चित्रातलं रडणारं मूल मात्र कुठं जात नाही. त्याच्याकडं हवा तेवढा वेळ बघता येतं. पान उलटून मागं जाता येतं, आधी काय झालं होतं ते परत बघता येतं. शिवाय चित्रातल्या भांडणात आपल्या मुलाचा काही दोष नसतो. त्यामुळं त्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, ते निवांत बघतं.

आता दाखवायचं कसं? एक चित्र डोळ्यांपुढं आणा. जत्रा भरली आहे. पाळणे आहेत, फुगेवाला आहे, भेळेची गाडी आहे. गर्दीच्या मधोमध चार वर्षांची एक मुलगी उभी आहे. तिच्या हातातून आईचा पदर सुटलाय. डोळे मोठे झालेत, ओठ दुमडलेत.

बहुतेक वेळा आपण काय करतो? "हा बघ पाळणा, हा बघ फुगा, ही मुलगी हरवली, बिचारी, चला पुढं," असं म्हणून पान उलटतो. बोललो सगळं आपणच. त्याऐवजी बोट त्या मुलीवर ठेवा आणि विचारा, "ही कुठं बघतेय गं?" एवढंच. आणि मग थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड आहे. मनात पाचपर्यंत मोजा. मूल बघत असतं, त्याच्या डोक्यात काही जुळत असतं. मग ते म्हणेल, "आईला." तुम्ही म्हणा, "हो का? हिला कसं वाटत असेल?" दीड-दोन वर्षांचं मूल नुसतं तोंड वाकडं करून दाखवेल. तेही उत्तरच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला पुढचं विचारा, "हिच्याकडं कुणाचं लक्ष गेलंय का? शोध बरं." आणि मग, "तू तिथं असतीस तर काय केलं असतंस?"

विचारण्याला मी एवढं महत्त्व का देतेय? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांचे आईवडील चित्रांचं पुस्तक कसं दाखवतात, हे त्यांनी पाहिलं. नंतर तीच मुलं दुसऱ्याला मदत करतात का, आपल्याजवळचं देतात का, हेही पाहिलं. ज्या घरी चित्रातल्या माणसाला काय वाटतंय हे मुलालाच विचारलं जायचं, ती मुलं मदतीला लवकर पुढं आली. आईवडील स्वतः किती सांगतात, यानं तसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे आपण सांगण्यापेक्षा मुलानं शोधून काढणं जास्त कामाचं.

याच कारणासाठी माझी एक विनंती आहे. गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. "कळलं ना? म्हणून आपण सगळ्यांशी चांगलं वागायचं. तू काल काय केलंस ताईला?" असं केलं की मुलाला कळतं, पुस्तक उघडलं की शेवटी आपली हजेरी घेतली जाणार. कडू औषध दर वेळी गुळातून दिलं तर मूल गुळालाही तोंड फिरवतं. पुस्तक हा गूळच राहू द्या. मुलाला चित्र कळलं असेल तर ते कधीतरी आपण होऊन बोलतं. चार दिवसांनी शेजारचं पोर पडलं, की म्हणतं, "त्या जत्रेतल्या मुलीसारखं झालं त्याला." हे तुमच्या तात्पर्याच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचं.

आपली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी आतून एकेक काम सांगत राहते आणि कावळा बाहेर भिजत राहतो. आपण ही गोष्ट हसत-खेळत, घास भरवताना सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. पण एक दिवस पाटीवर किंवा जमिनीवर कोळशानं तेवढंच चित्र काढा. बंद दार, बाहेर पाऊस, पंख चिकटलेला कावळा. आणि विचारा, "हा दारात उभा राहून काय म्हणत असेल मनात?" त्यानंतर विचारा, "आणि आत चिमणीला काय वाटत असेल?" तिचं पिल्लू आहे, तिला काम आहे, कदाचित कावळ्याची भीतीही आहे. दोघांच्याही मनात डोकावणारं मूल उद्या वर्गातल्या भांडणातही दोन्ही बाजू बघेल. एक बरोबर आणि एक वाईट, असा निकाल लावायची घाई नको.

प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात. पण त्याबरोबर माणसांच्या गोष्टीही हव्यात. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या काही मुलांना वाटून घेण्याची गोष्ट माणसांची चित्रं असलेल्या पुस्तकातून सांगितली. काहींना तीच गोष्ट कपडे घातलेल्या, माणसासारखं बोलणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांतून सांगितली. गोष्टीआधी आणि गोष्टीनंतर, मुलं आपल्याजवळची चिकटचित्रं दुसऱ्या मुलाला किती देतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांत तशी वाढ झाली नाही. म्हणून पुस्तक निवडताना बघा, त्यात आपल्यासारखी माणसं आहेत का? आपल्यासारखं घर, चूल, ओटा, एसटीचा थांबा आहे का? माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तकमाला मुलांना का आवडते? कारण त्यात राधाच्या घरातली रोजची माणसं आहेत. मुलाला वाटतं, अरे, हे तर आपल्याकडचंच.

आणि जी आपल्यासारखी नाहीत, तीही माणसं पुस्तकात हवीत. मायेची खरी परीक्षा तिथंच होते. आपल्या भावाला घास देणं सोपं आहे. न बघितलेल्या, वेगळ्या बोलीच्या, फाटक्या कपड्यांच्या पोराला शेजारी बसू देणं अवघड आहे.

आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या पडतात. गेल्या हंगामात तिथली चार वर्षांची एक मुलगी काही दिवस अंगणवाडीत येऊ लागली. गावातली पोरं तिच्याजवळ बसेनात. "ती कोपीवरची आहे," म्हणायची. चार-पाच वर्षांची पोरं ही. हे शब्द त्यांनी कुठून आणले असतील? आपल्याच ओट्यांवरून, आपल्याच तोंडून.

तिथल्या सेविकाताईंनी मुलांना रागावलं नाही. त्यांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांवर सहा चित्रं काढली. पहाटेच्या अंधारात गाडी जुंपणारे वडील. हातात कोयता, डोक्याला फडकं बांधलेली आई. उसाच्या फडाच्या कडेला बाळाला सांभाळणारी छोटी मुलगी. वाढ्यांचा भारा. संध्याकाळी कोपीपुढची चूल. रात्री आईच्या कुशीत निजलेली तीच मुलगी. शब्द एकही नव्हता. मुलांना गोल बसवून त्यांनी एकेक पान दाखवलं आणि विचारलं, "ही इतक्या लवकर का उठली असेल?" "हिची आई कुठं चालली?" "बाळ रडलं तर ही काय करत असेल?" मुलं बोलत गेली. मुलीचं नाव ताईंनी घेतलं नाही, तिच्याकडं बोटही दाखवलं नाही. ही खबरदारी महत्त्वाची आहे. कुणाही लेकराला 'बिचारं' म्हणून सगळ्यांपुढं उभं करायचं नसतं.

तिसऱ्या पानावर ती मुलगी स्वतःच बोलली, "आमची बैलं पण अशीच आहेत." एका मुलानं विचारलं, "नावं काय तुमच्या बैलांची?" तिनं सांगितली. मग दुसऱ्यानं आपल्या गाईचं नाव सांगितलं. त्या दिवशी खाऊला बसताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली नाही. एका पुस्तकानं गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. दोन-तीन पोरं पुढंही लांबच बसायची. पण 'कोपीवरची' म्हणून जी होती, ती 'त्या बैलांची मालकीण' झाली. चार वर्षांच्या मुलीसाठी हा फरक लहान नाही.

आता तुमच्या मनातले काही प्रश्न. पहिला, "मूल चित्र बघून हसलं तर?" कुणी चिखलात पडलेलं दिसलं की मुलं हसतात. रागावू नका. म्हणा, "तुला हसू आलं. तो हसतोय का, बघ बरं." मुलाला पुन्हा त्या चेहऱ्याकडं न्या. कधी ते गप्प होईल, कधी परत हसेल. राहू द्या, पुस्तक उद्याही आहे.

दुसरा प्रश्न, "एकच पुस्तक रोज मागतो, कंटाळा येतो." मुलाला कंटाळा आलेला नाही ना? मग तेच वाचा. पहिल्यांदा ते नुसतं गंमत बघतं, पाचव्यांदा चेहरे बघतं, दहाव्यांदा कोपऱ्यात उभा असलेला, तुम्हालाही न दिसलेला माणूस शोधतं.

तिसरा प्रश्न वेळेचा. आपल्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत फुरसत नसते, हे मला सांगायला नको. दहा मिनिटं पुरतात. रात्री अंथरूण घातल्यावर, नाहीतर भात शिजेपर्यंत. आणि हे काम एकट्या आईचं नाही. आजोबांच्या हातात पुस्तक द्या. मुलाच्या वडिलांच्या हातात द्या. बाप मुलाला मांडीवर घेऊन रडणाऱ्या मुलीचं चित्र दाखवतो आणि विचारतो, "हिला कसं वाटत असेल?" तेव्हा मुलगा आणखी एक गोष्ट शिकतो, की माया हे फक्त बायकांचं काम नाही.

यावर मला जरा थांबायचंय. मुलींना आपण माया न शिकवताही शिकवतो. भावाला सांभाळ, पाहुण्यांना पाणी दे, तू मोठी ना, मग तूच सोड. मुलगा रडला की मात्र म्हणतो, "पोरीसारखा काय रडतोस?" ज्याला स्वतःचं रडू लपवायला शिकवलं, त्याला दुसऱ्याचं रडू दिसणार कसं? म्हणून हे पुस्तक मुलग्यांना आधी दाखवा. आणि मुलींना दाखवताना हेही कळू द्या, की माया म्हणजे सगळं सोसणं नाही. चित्रात कुणी एखादीची वेणी ओढत असेल तर विचारा, "हिनं आता काय करावं?" मुलगी म्हणाली, "ओरडावं, बाईंना सांगावं," तर म्हणा, "बरोबर." दुसऱ्याचं दुःख कळणं आणि स्वतःचं दुःख बोलता येणं, ही दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत.

पुस्तकं आणायची कुठून? आधी गावच्या अंगणवाडीत आणि शाळेत विचारा. बऱ्याच ठिकाणी पुस्तकं कपाटात असतात आणि फाटतील म्हणून बाहेर काढली जात नाहीत. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली अनुदान मिळणारी वाचनालयं अनेक गावांत आहेत, तिथं मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. चार बायका मिळून गेलात तर ऐकावंच लागेल. विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं कमी किमतीत मिळतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चांगली चित्रपुस्तकं आहेत. फोनवर बघायचं तर प्रथम बुक्स या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. त्यावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. फोन मात्र आपल्या हातात ठेवा. मुलाच्या हातात देऊन आपण भाकरी थापायला गेलो, तर विचारणारं आणि थांबणारं माणूसच उरत नाही.

गटानं पुस्तकांची पेटीही करता येते. समजा गटात १२ जणी आहेत. प्रत्येकीनं महिन्याला १० रुपये बाजूला काढले तर महिन्याचे १२० आणि वर्षाचे १,४४० रुपये होतात. त्यात छोटीशी पेटी उभी राहते. दर बैठकीला पुस्तकं बदलून न्यायची. फाटलं तर दंड नको, सगळ्यांनी बसून चिकटवायचं. मुलांच्या हातात आलेलं पुस्तक थोडं फाटणारच.

तेवढेही पैसे नसतील तर घरीच करा. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरची चित्रं कापा. कणकेची खळ करून पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेला गोधडीसारखे टाके घाला. माणसांचे चेहरे असलेली चित्रं मुद्दाम निवडा, हसरे, रुसलेले, दमलेले, घाबरलेले. झालं पुस्तक.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमधल्या बोर्डीला, गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा विचार. पाला, बिया, शंख, माती, जवळ असेल त्यातून त्यांनी मुलांना शिकवलं. आपल्यालाही त्याहून जास्त काही लागत नाही. एक अंगण, एक पुठ्ठ्याचं पुस्तक आणि विचारून थांबणारं एक माणूस.

या आठवड्यासाठी एकच काम देते. एक चित्र घ्या, कुठलंही, ज्यात माणसाचा चेहरा आहे. मुलाला जवळ घ्या. विचारा, "याला काय झालं असेल?" आणि पाचपर्यंत मोजा. मुलानं काय सांगितलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. ज्या घरात लहान मूल नाही, त्यांनी शेजारचं मूल बोलवा. जमलं तर ज्याला कुणी बोलावत नाही, तेच बोलवा.